हसलेला अनारसा

यंदा मी आठ दिवस मुरलेल्या अनारशाच्या पिठात चमचाभराऐवजी वाटीभर दूध ओतलं. एका हातात दुधाचं भांडं होतं, दुसऱ्या हातात दिवाळी अंक. माझे आवडते विनोदी लेखक दर दिवाळीला आपल्या घरातली एखादी फजिती लिहितात. यंदाच्या लेखात त्यांनी अभ्यंगस्नानाला उटणं समजून अंगाला मेतकूट चोळलं होतं. तिथे मी हसलो आणि हात हलला.

पीठ बायकोने भाऊबीजेसाठी केलं होतं. तिचा भाऊ पाच वर्षांनी येणार होता आणि त्याने फक्त अनारसे मागितले होते.

पहिलाच अनारसा तुपात विरघळून कढईभर पसरला. आपल्याकडे याला अनारसा हसला असं म्हणतात. बिघडलेल्या पदार्थाला हसला म्हणणारी भाषा मला फार समंजस वाटते. ते लेखक तरी दुसरं काय करतात? वर्षभरात जे बिघडलं, ते हसलं म्हणून आपल्याला वाढतात, आणि आपण फराळाआधी त्यावर तुटून पडतो.

हे सगळं मी बायकोला ऐकवलं. ती झाऱ्याने तुपातला चुरा गोळा करत होती. वर न बघता म्हणाली, "अहो, त्यांना निदान लिहिता तरी येतं."