हॅकरचा हात

आमची हौशी नाटकमंडळी महाडची. वर्षातून एखादं नाटक बसतं, आणि निम्म्या वेळा ते उभं राहायच्या आधी पुन्हा बसतं! पण किस्से मात्र भातातल्या तणासारखे. कुणी पेरत नाही आणि उपटून संपत नाहीत. चहाला दोघं भेटलो तरी तिसरा किस्सा निघतोच. त्यातले निम्मे नंदूचे, आणि नंदूचे निम्मे त्या एका पिक्चरचे.

नंदू म्हणजे आमचा कायमचा हवालदार, नाहीतर पोस्टमन. एरवी कोर्टाबाहेर टायपिंगचं टेबल लावतो. अर्ज, प्रतिज्ञापत्र, भाडेकरार, म्हणाल ते. शिकला जुन्या टाइपरायटरवर, त्यामुळे कॉम्प्युटरच्या कीबोर्डवरही असा तुटून पडतो की शेजारचा चहावाला ओरडतो, "नंदूभाऊ, हळू! अशील घाबरतंय!"

स्टेजवर त्याचं पाठांतर चोख. फक्त संवाद म्हणताना बोटं मांडीवर टाइप करत असतात आणि चेहरा ढिम्म. बापट सर आमचे दिग्दर्शक, शाळेतून रिटायर झालेले मराठीचे मास्तर. एकदा तालमीत कडाडले, "नंदू, सगळं मांडीवर छापतोस! चेहऱ्यावर एक अक्षर उमटत नाही!"

नंदू शांतपणे म्हणाला, "सर, रिबन संपली असंल."

नंदूची आई पोलादपूरच्या वरच्या एका वाडीत राहते. एकटीनं भात लावते, एकटीनं काढते. नाटकाबद्दल तिचं एकच मत, "तोंड रंगवून पोट भरतं काय रे?" ती एकाही प्रयोगाला आली नाही. नंदू मात्र दरवेळी पहिल्या रांगेतली एक खुर्ची तिच्यासाठी धरून ठेवायचा. पडदा वर जायच्या आधी बापट सर गुपचूप त्या खुर्चीवर आपली पिशवी ठेवून यायचे. रिकामी दिसू नये म्हणून.

* * *

तर एका वर्षी पोलादपूरला पिक्चरचं युनिट आलं. हॅकिंगवरचा ॲक्शन थ्रिलर! आंबेनळी घाटात गाड्यांचा पाठलाग, आणि पब्लिक म्हणून उभे आम्ही. मी लाइटवाला, बाजारात माझं इलेक्ट्रिकचं दुकान. तरी मलाही पळायला लावलं.

व्हिलनची एक काळी व्हॅन होती. टपावर ही मोठी छत्री, अँटेना, लाल दिवे. इथून म्हणे तो सगळा देश हॅक करणार! नाक्यावर एरवी मोबाइलला रेंज नाही. तिथं ती उभी केली आणि अर्ध्या तासात एक म्हातारबाबा मोबाइल घेऊन व्हॅनला चिकटून उभे राहिले. युनिटचा माणूस हसत म्हणाला, "बाबा, ये नकली है! थर्माकोल!"

बाबांनी त्याला हातानं गप्प केलं. मुंबईच्या मुलाशी बोलणं चालू होतं, खणखणीत!

दुसऱ्या दिवशी व्हॅनपाशी रांग. युनिटवाले समजावून दमले. एक बाई म्हणाल्या, "आसूं दे की थर्माकोल. आमचं बोलनं व्हतंय ना?" शेवटी डायरेक्टरच म्हणाला की शूटिंग जेवणाच्या सुट्टीनंतर करू.

* * *

घाटातला पाठलाग एकदाच थांबला. चार काळ्या गाड्या रस्त्यात आडव्या, हिरो बॉनेटवर, कॅमेरा सुरू, आणि मागून आली एसटी. कंडक्टरनं खिडकीतून डोकं काढलं, "ओ हिरो! आधी एसटी जाऊ द्या, मग जगाला वाचवा!"

हिरो मुकाट्यानं खाली उतरला.

* * *

हा हिरो बिचारा स्वभावानं चांगला. फक्त जगातला नंबर एकचा हॅकर झालेला, आणि टाइप करायचा एका बोटानं! 'अ' शोधायलाच त्याला वेळ लागे. डायरेक्टर वैतागला. "इथे कुणी फास्ट टाइप करणारं आहे का?"

आम्ही सगळ्यांनी एकदम नंदूला पुढे ढकललं.

हिरोचं जॅकेट नंदूला चढवलं. कॅमेरा फक्त हातांवर. डायरेक्टर म्हणाला, "काहीही टाइप कर. स्क्रीन आपण नंतर टाकू." आता कोर्टाबाहेरच्या माणसाला 'काहीही' टाइप करता येतं का? नंदूनं सुरू केलं, 'मी खाली सही करणार सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की...' बोटं अशी धावली की युनिट टाळ्या वाजवायला लागलं.

"सुपर! वन मोअर!"

नंदूनं विचारलं, "एकच प्रत काढू की जास्त?"

त्याच्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचं नख मधोमध चिरलेलं आहे. लहानपणी भात कापताना विळा लागला होता. मेकअपवाला ते झाकायला निघाला, तर डायरेक्टर म्हणाला, "राहू दे. हॅकरला पास्ट पाहिजे!" हिरोनं मात्र जवळ येऊन विचारलं, "अजून दुखतं का हो?" म्हणून म्हणतो, माणूस चांगला.

दुसऱ्या दिवशी नंदूच्या हातांचा आणखी एक सीन झाला. बंद खोलीत. आम्हाला आत सोडलं नाही, आणि नंदूही कधी त्याबद्दल बोलला नाही.

* * *

महाडात बातमी पोचेपर्यंत हातांचा अख्खा माणूस झाला होता. नंदू पिक्चरमध्ये हॅकर! पाचाडचे एक काका त्याच्या टेबलापाशी येऊन अगदी हळू आवाजात म्हणाले, "सातबाऱ्याची साइट बंद हाय म्हनतात. तुमी जरा आतून उघडा ना."

"काका, मी खरा हॅकर नाय."

"मी कुटं कुनाला सांगतोय?"

ही बातमी एसटीनं वर वाडीत गेली. आणि पुढे पिक्चर महाडला लागला, त्या आठवड्यात एका संध्याकाळी नंदू माझ्या दुकानात आला तो चेहरा पाडूनच. पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटलं होतं!

"आये येतेय पिक्चरला."

"अरे मग चांगलंच आहे की!"

"चांगलं काय? जल्मात पयल्यांदा मला बगायला येतेय, आणि माजं तोंड हाय कुटं त्यात? शेजारनींना सांगून येतेय रे, माजा पोर बगून येते म्हनून."

"मग आधी सांगून टाक."

"कसं सांगू? लुगडं नवं काडलंन तिनं."



* * *

दुपारचा शो. आम्ही सगळी मंडळी एका रांगेत, मध्ये नंदू आणि त्याची आई. बापट सरांनी आपली पिशवी या वेळी मांडीवर घेतली होती.

पिक्चर सुरू झाला आणि आमचा धीर सुटला. हिरो चार बटणं दाबून बँक उघडतो! हिरॉइननं चष्मा लावला की इंजिनिअर, काढला की गाणं! व्हिलन गरजतो, "मी या शहराची वीज घालवीन!" त्यावर मागून एकजण म्हणाला, "आमची रोज जाते रे!" सगळं थिएटर फुटलं.

मी हसत हिरोला नावं ठेवायला लागलो तर बापट सर म्हणाले, "नट वाईट नाही तो. आपण कुणावर चिडलोय, हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही." सर असेच आहेत. आमच्याबद्दलही बाहेर असंच काहीतरी सांगत असतील.

हिरो पडद्यावर आला की आई विचारायची, "ह्यो तू नाय ना?"

"नाय गो."

"मंग तू कदी येनार?"

"येतो गो, थांब जरा."

हवालदार आला, वॉचमन आला, घाटातली गर्दी आली. प्रत्येकाला तिनं विचारलं, "ह्यो?" नंदू खुर्चीत आणखी खाली घसरला. मग टायपिंगचे सीन आले. बोटं, नुसती बोटं, पडदाभर. त्यानंतर आईनं विचारणं बंद केलं. पदर नीट करून गप्प बसून राहिली. आम्हाला वाटलं, समजली आणि खट्टू झाली. बापट सरांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. नंदूकडे तर बघवत नव्हतं.

इंटरव्हलच्या जरा आधी व्हिलन हॅकरला पकडतो. टेबलावर हात दाबून धरतो आणि हातोडा उचलतो. पडद्यावर फक्त हात. त्या व्हिलनची ॲक्टिंग इतकी भयंकर होती की थिएटर खो खो हसत होतं.

आणि आमच्या रांगेतून आई ताडकन उभी राहिली.

"ए मुडद्या! सोड! हात सोड माज्या पोराचा!"

हसू जिथल्या तिथं थांबलं. मागचे, पुढचे, सगळे वळून बघायला लागले. पडद्यावर हातोडा खाली आला तशी तिनं नंदूचा डावा हात ओढून घेतला आणि दोन्ही हातांत गच्च धरला.

नंदू कासावीस होऊन म्हणाला, "आये, बस गो! खोटं हाय ते! हातोडा रबराचा हाय!"

आईनं त्याचं चिरलेलं नख अंगठ्यानं चाचपलं आणि त्याच्याकडे पाहिलं. लहानपणी विळा लागल्यावरही असंच पाहिलं असेल.

"हातोडा आसंल रबराचा," ती म्हणाली. "हात कुनाचा हाय?"