कात्रीचं आयुष्य जपणारे दशरथकाका

दीड महिन्यापूर्वीची गोष्ट. पार्लरचं शटर अर्धं उचललं होतं, तेवढ्यात सक्करदऱ्याहून काकूंचा फोन आला. "काका गेले वं. झोपेतच गेले," एवढंच त्या बोलल्या. माझी कात्री कोणी ऐकून बघणार नाही आता, हाच पहिला विचार मनात आला. माणूस गेल्यावर असला विचार करावा का, म्हणून मग स्वतःचाच राग आला...

दशरथकाका धार लावायचे, पण फक्त केस कापायच्या कात्र्यांना. मनीषनगरात मी पार्लर टाकलं तेव्हा हौसेनं एक भारी कात्री घेतली होती. चार महिन्यांतच तिच्यातून केस निसटायला लागले. कोणीतरी काकांचं नाव सांगितलं. घराच्या पुढच्या खोलीत, खिडकीखाली, पाण्यात बुडवलेले तीन दगड घेऊन ते बसलेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. कात्रीची एक कडी धरून दुसरी सोडून दिली, ती खाड्‌कन पडली. मग कात्री कानाशी नेऊन, डोळे मिटून, दोनदा उघडमीट केली.

"हिची धार नाही गेली. स्क्रू ढिल्ला आहे, अन् आत केसायचा मळ साचला. काहून पुसत नाही वं?"

"पण आलेच आहे तर धार लावून द्या ना काका."

"हरेक धारेत लोखंड जाते पोरी. एक धार म्हणजे तिचं एक वर्स गेलं समज. उगाच कायले खाऊ मी?" आणि पात्याच्या कडेवरून नख फिरवत म्हणाले, "नुसत्या टोकानंच कापून राहिली तू. अर्धी कैची वापरतच नाही. अन् इथं मेंदीचं पाकीट कापलं!"

खरंच कापलं होतं. ज्या माणसानं माझं तोंड धड पाहिलं नव्हतं, त्यानं माझी सवय नि माझी चोरी दोन्ही पात्यावरून वाचली. त्यांनी स्क्रू पाव फेरा आवळला, तेलाचा एक थेंब सोडला, मऊ कापडानं पुसली आणि ओला टिश्यू पेपर कापून दाखवला. कागद फाटला नाही, कुठे अडला नाही, दोन तुकडे होऊन अलगद खाली पडला. आलेल्या गिऱ्हाइकांपैकी निम्म्यांना तरी ते असे धार न लावताच परत पाठवायचे. हा माणूस पोट कसं भरतो, असं वाटायचं. पण माझ्या बरोबरीच्या पोरी दर दोन-तीन वर्षांनी कात्री बदलत होत्या आणि माझी ती पहिलीच कात्री पंधरा वर्षं होत आली तरी चालू आहे.

पाच वर्षांपूर्वी त्यांच्याकडून धार लावून आलेली कात्री केस कापेना. केस दोन पात्यांमध्ये दुमडायचे. बशीत चहा ओतताना त्यांचा हात थरथरतो, हे मी पाहिलं होतं. ते नेहमीसारखं विचारायचे, "कशी चालते?" आणि मी म्हणायचे, "फर्स्टक्लास, काका." दुसरं काही तोंडातून निघेचना. ती कात्री मी खणात टाकली आणि गुपचूप दुसरी घेतली. नंतर कळलं, काकांकडे जाणाऱ्या आम्हा सगळ्यांनीच असं केलं होतं. सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोललं कोणीच नाही.

असं वर्षभर चाललं. मग एका दुपारी ते पार्लरमध्ये आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "कटिंग कर. माह्याच धारेनं." मी खणातली कात्री काढली. एक बाजू कशीबशी झाली असेल, त्यांनी हात वर केला.

"थांब. हे कापून नाही राहिली वं. तोडून राहिली."

मी रडायलाच लागले. त्यांनी गळ्याचं कापड स्वतःच सोडलं, घडी करून ठेवलं आणि कात्री मागून घेतली. अर्धवट कापलेल्या डोक्यानं तो माणूस पुढचे आठ दिवस पार्लरं आणि सलूनं पालथी घालत फिरला. वर्षभरात हात लावलेली प्रत्येक कात्री मागून घेतली. लोक हसले असतील, पण त्यांना त्याचं काहीच नव्हतं. सगळ्या कात्र्या पिशवीत घालून शेअर ऑटोनं कामठीला गेले, तिथल्या एका तरुण धारवाल्याशेजारी बसले, आणि एकेक कात्री कानाला लावून, मनासारखी होईपर्यंत त्याच्याकडून करून घेतली. "हात गेला, कान आहे अजून," मला कात्री परत देताना म्हणाले. मग बसले आणि डोक्याची दुसरी बाजू कापून घेतली. दगडाला मात्र त्यानंतर त्यांनी हात लावला नाही. एवढा मोठा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही, हे मी सरळच लिहिते.

तेराव्यानंतर काकूंना भेटायला गेले. तीनही दगड कोरडे होऊन खिडकीत उभे केलेले होते. बोलता बोलता काकू म्हणाल्या, "मी त्यायले वर्सभर सांगून राहिली होती, हात थरथरते तुमचा, आता बंद करा. तर म्हणत, मनीषनगरची पोरगी फर्स्टक्लास म्हणते, ते नाही खोटं बोलत."

माझ्या एका शब्दावर ते वर्षभर काम करत राहिले होते. आणि नंतरची चार वर्षं दर महिन्याला भेटूनही त्यांनी मला हे कळू दिलं नव्हतं.

काल एक बाई आरशात बघून "मस्त झाले हो" म्हणत उठायला लागल्या. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना पुन्हा बसवलं. म्हटलं, "घाई नाही, ताई. नीट बघा. कुठे बिघडलं असेल तर मला सांगा."