शिरस्तेदारांचा नियम दुसरा

शिरस्तेदार लायब्ररीतले एकही पुस्तक वाचत नसत. कोर्टातून पेन्शन घेतल्यावर ते ठाण्याच्या लायब्ररीचे चिटणीस झाले आणि पुढे कितीतरी वर्षे कपाटांच्या किल्ल्या त्यांच्या जानव्याला होत्या. पण पुस्तक हाती आले की ते पहिले पान आणि शेवटचे पान एवढेच उघडीत. शिक्का जागेवर आहे ना, पाने पुरी आहेत ना, हे पाहून मिटून टाकीत. आतल्या मजकुराचे कोणी विचारलेच तर म्हणत, "मधलं वाचणाऱ्यांनी बघावं. आम्ही पुस्तक सांभाळतो."

लायब्ररी तळ्याजवळ एका किराणा दुकानाच्या माडीवर होती. विलायतेस परत गेलेल्या कोणा साहेबाने मागे टाकलेली दोन कपाटे हे तिचे मूळ भांडवल. त्यांतली निम्मी पुस्तके घोड्यांच्या रोगांवर होती. गावातल्या मंडळींनी मग वर्गणी काढून मराठी पुस्तके आणि वर्तमानपत्रे आणली आणि दाराशी पाटी लावली : ‘सर्व लोकांस ज्ञानप्राप्ती व्हावी हा या संस्थेचा उद्देश आहे.’ पाटीखाली शिरस्तेदारांनी नियमांचा कागद डकवला. उद्देश एका ओळीत मावला. नियम मात्र खिडकीपर्यंत गेले.

प्रत्येक नियमामागे कोणीतरी माणूस होता. तपकीर ओढून पाने उलटणारे एक मामलेदार होते, त्यांच्यावर नववा. वर्तमानपत्र मोठ्याने वाचून भोवती सभा भरवणाऱ्या मास्तरांवर चौदावा. कोणी जाडजूड कोश घरी नेऊन त्यावर डोके ठेवून झोपतो असे कळले, तेव्हा सतरावा झाला : ‘पुस्तक उशाशी ठेवण्यास हरकत नाही, उशाखाली ठेवू नये.’ माणसे रागावत. शिरस्तेदार म्हणत, "माणसावर रागवायचं नाही म्हणून तर नियम करायचा."

माझी गोष्ट दुसऱ्या नियमाची. सभासद कोण होऊ शकेल हे त्यात होते. आधी तिथे ‘ठाण्यात राहणारे कोणीही गृहस्थ’ असे होते. मग एका ओव्हरसियराचा अर्ज आला. तो अविवाहित होता, आणि ब्रह्मचाऱ्याला गृहस्थ म्हणता येते का यावर कमिटीत दोन बैठका वाद झाला. शिरस्तेदारांनी वैतागून ‘गृहस्थ’ खोडले आणि लिहिले, ‘कोणतीही सज्ञान व्यक्ती’. वाद मिटला. ओव्हरसियर पुढच्या महिन्यात बदली होऊन गेला, शब्द राहिला.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवत होते. माझे घर माजिवड्याचे, ख्रिस्ती शेतकऱ्याचे. शाळेसाठी मी कोपरीला मावशीकडे राहत असे. आगगाडी तेव्हा जुनी झाली होती, पण बाईने पुस्तक मागणे नवे होते. वर्गातल्या मुलींनी ग्रहण का लागते ते विचारले. मला जेवढे येत होते तेवढे मी सांगितले आणि त्यांना ते पुरेना. लायब्ररीत आकाशातल्या ग्रहांवर एक मराठी पुस्तक आहे असे हेडमास्तरांकडून कळले. मी बाबाला सांगितले, तर तो म्हणाला, "तिकरं समदे बापे बसतान, तू कशाला जातंस?" मी गेले.

जिन्यावर पाऊल वाजताच माडी गप्प झाली. शिरस्तेदारांनी अर्ज वाचला, चष्मा काढून मला पाहिले, पुन्हा चष्मा लावून अर्ज वाचला.

"बाई, तुम्ही इथं यावं हे मला स्वतःला पसंत नाही," ते म्हणाले. "पण माझी पसंती नियमांत कुठं आहे? सही करा."

मागून एक वकील उठले. "शिरस्तेदार, अहो, बाईमाणूस!"

"नियम दुसरा पाहा. ‘कोणतीही सज्ञान व्यक्ती’. आणि व्यक्ती हा शब्दच स्त्रीलिंगी आहे, वकीलसाहेब. अडचण काढायचीच तर तुमची निघेल."

दोन दिवसांनी कमिटीचे दोघे त्यांच्या घरी गेले. जागा नाही, पुस्तक बाहेर गेले आहे, काहीही सांगा आणि तिला वाटेला लावा, म्हणाले. शिरस्तेदारांनी त्यांना चहा दिला आणि सांगितले, "पुस्तक कपाटात असताना बाहेर आहे असं मी सांगणार नाही. तुम्हाला नको तर नियम बदला. महिन्याची नोटीस, सर्वसाधारण सभा, हजर सभासदांतले दोन-तृतीयांश."

नियम बदलण्याची नोटीस लागली. तो महिना मी अधाशासारखी वाचत होते. आकाशाचे पुस्तक संपवले, भूगोल संपवला, घोड्यांच्या रोगांनाही हात घातला. सभा झाली त्या संध्याकाळी मी शाळेच्या पायरीवर बसून होते. शिरस्तेदार घरी जाताना समोरून आले आणि न थांबता म्हणाले, "सूचना एका मताने पडली. तुमचं पुस्तक शनिवारी परत यायला हवं."

मी घरच्या आंब्यांची पाटी घेऊन त्यांच्याकडे गेले.

"हे कशाबद्दल?"

"तुम्ही माझी बाजू घेतलीत."

"मी कोणाची बाजू घेतली नाही. मोजणी केली," ते म्हणाले आणि आत गेले. त्यांच्या पत्नी, काकू, दारामागून म्हणाल्या, "ठेव गं ओटीवर. त्यांचं असंच असतं."

वर्ष सरताना नवी कमिटी निवडली गेली, तीत शिरस्तेदारांचे नाव नव्हते. तीन दिवस एकेक पुस्तक मोजून त्यांनी किल्ल्या दिल्या. पुढे एकदाच ते साधे सभासद म्हणून आले. नव्या चिटणिसाने आदबीने विचारले, "कोणतं पुस्तक काढू?" शिरस्तेदार बराच वेळ कपाटासमोर उभे राहिले. मी कोपऱ्यातून पाहत होते. त्यांना काय मागावे ते कळेना. "पुन्हा येईन," म्हणाले आणि रिकाम्या हाती जिना उतरले. त्या थंडीत तापाने ते गेले.

दुसऱ्या वर्षी काकूंनी मला बोलावून घेतले. त्यांना अक्षरे शिकायची होती. मी ओटीवर बसायची, त्या उंबऱ्याच्या आत, पाटी मधे. मी पाटी खाली ठेवायची, मग त्यांनी उचलायची. वयाच्या पन्नाशीत हे कशाला, असे मी एकदा विचारले. म्हणाल्या, "त्या सभेनंतर घरात आठ दिवस अन्न गोड लागलं नाही त्यांना. काय झालं ते मला सांगेनात. तिथं लिहून ठेवलंय म्हणाले."

अक्षरे जुळायला लागली तेव्हा एका दुपारी विधवेच्या लाल अलवणातल्या काकू माझ्याबरोबर माडीवर चढल्या, अर्जावर सही केली आणि सभेच्या इतिवृत्ताची वही मागितली. सभासदाला ती नाकारता येत नव्हती. बोट ठेवून, एकेक अक्षर जोडत त्या वाचू लागल्या. हजर एकवीस. सूचनेच्या बाजूने तेरा. पुढे त्या तेराजणांची नावे होती.

काकूंचे बोट थांबले. "अगं, यात यांचं नाव आहे. यांनी तुझ्याविरुद्ध हात वर केला होता."

मी वही ओढून घेतली. खरेच होते. इतके दिवस मी ज्यांचे उपकार मानत होते, त्यांनी मला बाहेर काढण्याच्या बाजूने मत दिले होते. खाली त्यांच्याच अक्षरात होते : ‘चौदावे मत म्हणून वकीलसाहेबांचे धरावे अशी मागणी झाली. ते त्या वेळी खुर्चीत झोपले होते. झोपलेल्याचे मत मोजता येत नाही. सूचना नामंजूर.’

मी ते काकूंना वाचून दाखवले. त्यांनी पदराने चष्मा पुसला, वही मिटली, शिक्क्यावरून एकदा हात फिरवला.

"असेच होते," म्हणाल्या. मग कपाटाकडे पाहत म्हणाल्या, "आता मला एखादं गोष्टीचं पुस्तक काढून दे. मधलंसुद्धा वाचेन म्हणते."