दोन कपांचा लढवय्या

विवेक सामंत पाहुण्याला चहा घेणार का, असं कधी विचारायचा नाही. एक कप चहा आणि एक कप कॉफी समोर आदळायचा आणि ओरडायचा, "निवड!" पहिल्यांदा मी दचकलोच. मग कळलं, ही क्लिंगॉन पद्धत. सिनेमावाल्यांनी परग्रहावरच्या लढवय्यांसाठी बनवलेली ती भाषा हा गृहस्थ रोज तासभर घोटायचा. "हे की ते, असं मिळमिळीत विचारायचंच नाही त्यांच्यात," तो सांगायचा. "दोन नावं घ्यायची, हुकूम सोडायचा. खलास!"

आम्ही ओमानमध्ये, सोहारला, एकाच कारखान्यात नोकरीला. अकरा वर्षांत त्याला अरबी आलं ते 'यल्ला', 'खलास', 'इन्शाल्ला' आणि मालकाला म्हणायचं 'अर्बाब', एवढंच. मुलगी मराठीत अडखळायची, त्याचं त्याला काही नव्हतं; क्लिंगॉनमध्ये चुकली की मात्र चिडायचा. पाहुण्याने न घेतलेला कप त्याची बायको, वैशालीवहिनी, गपचूप सिंकमध्ये ओतायची. मला त्याची कीवही यायची नाही. मला तो सरळ हास्यास्पद वाटायचा.

एका शुक्रवारी मी तिथे असतानाच कणकवलीहून त्याच्या बहिणीचा फोन आला. आई दुसऱ्यांदा न्हाणीघरात पडली होती.

"दादा, तिला आता एकटीला नाही ठेवता येणार. तू येतोस, की वृद्धाश्रमात नाव घालू? आज सांग."

"बघू गं. इन्शाल्ला," लढवय्या म्हणाला.

पुढचे चार शुक्रवार तेच. बहीण विचारायची, हा 'बघू' म्हणायचा. पाचव्या शुक्रवारी वहिनींनी कप आणलेच नाहीत. वृद्धाश्रमाचा फॉर्म आणि गोव्याच्या विमानाचं तिकीट, असे दोन कागद माझ्यादेखत त्याच्यापुढे ठेवले.

"निवड," त्या म्हणाल्या. ओरडल्या नाहीत.

त्याने तिकिटावरचं नावसुद्धा वाचलं नाही. नुसता या कागदाकडून त्या कागदाकडे बघत राहिला. "अगं, असं एकदम कसं... अर्बाबला विचारावं लागेल ना."

वहिनींनी फॉर्म फाडला आणि तिकीट उचललं. "हे माझं आणि पोरीचं आहे. तुझं काढायचं का, एवढंच बघायचं होतं."

त्या आता सासूजवळ राहतात. पोरगी आजीशी भांडण्याइतकं मराठी बोलते म्हणे. सामंत इथेच आहे. मागच्या महिन्यात गेलो, तर माझ्यापुढे दोन कप आदळलेच.

मी विचारलं, "तुझ्या त्या भाषेत 'बघू' कसं म्हणतात रे?"

टोमणा त्याला कळलाच नाही. "थांब हं," म्हणत तो लॅपटॉप उघडून बसला. मी दोन्ही कप तसेच ठेवून चपला घातल्या, तरी तो शोधतच होता.