गौरीच्या गोळ्या

आमच्या घरी गणपती जवळ आले की तांदळाची पिठी येते, कापूर येतो, आणि काकूच्या पर्समधून त्या गोळ्या येतात. पाळी पुढे ढकलायच्या. काकू म्हणजे माझ्या बाबांची थोरली वहिनी. राहते मुरुडला, पण गणपती मूळ घरी, म्हणजे आमच्याकडे रेवदंड्याला, म्हणून आठवडाभर आधी एसटीनं येऊन ती स्वयंपाकघराचा ताबा घेते. घरातल्या प्रत्येक बाईची तारीख तिला तोंडपाठ. मेडिकलवाला चिठ्ठी मागत नाही, काकू देत नाही, आणि कागदात गुंडाळलेलं पाकीट चहाच्या कपाबरोबर हातात पडतं. याला आमच्याकडे कोणी औषध म्हणत नाही. गणपतीची तयारी म्हणतात.

माझ्यापुढे मात्र काकूचं गणित कोलमडायचं. माझी पाळी महिनोन् महिने यायचीच नाही, आणि यायची तेव्हा बांध फुटल्यासारखी यायची. "येणार कधी हेच ठाऊक नाही, तर पुढे काय ढकलू, कपाळ?" असं मी एकदा तिला म्हटलं, तर ती म्हणाली, "तुझी जीभ आवर, मग पाळीपण वेळेवर येईल." काकूकडे प्रत्येक दुखण्याला माझी जीभ हे एकच कारण असतं.

मी हायस्कूलला गणित शिकवते. मागच्या उन्हाळ्यात सुट्टी लागायच्या जरा आधी, वर्तुळाची स्पर्शिका समजावताना पाळीचा असाच लोंढा आला, मला खुर्चीत बसावं लागलं, आणि मग घंटा होईपर्यंत उठता आलं नाही. शिक्षकखोलीत जाईपर्यंत डोळ्यांपुढे अंधारी आली. त्या दिवशी मी ठरवलं की आता पुरे. मेथीचं पाणी, दालचिनीचं पाणी, कुणाच्या तरी नणंदेला गुण आलेलं चूर्ण, सगळं करून झालं होतं. आईला घेऊन मी अलिबागला स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेले.

सोनोग्राफी झाली, रक्त तपासून झालं. पीसीओएस, म्हणजे अंडाशयाच्या संप्रेरकांचा गोंधळ आहे, हे मला पाच वर्षं माहीत होतं. पण त्याचं करायचं काय, हे बाईंनी पहिल्यांदा नीट सांगितलं. "पाळी येत नाही म्हणजे सुटका झाली असं नाही," त्या म्हणाल्या. "आत गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं. वर्षानुवर्षं ते तसंच साचू दिलं तर पुढे कॅन्सरचा धोका वाढतो. ते वेळच्या वेळी उतरायला हवं." त्यासाठी त्यांनी गर्भनिरोधक गोळी सुचवली. पाळी ठरल्या वेळी येईल, रक्तस्राव आटोक्यात राहील, हनुवटीवरचे केस आणि गालावरचे फोड हळूहळू कमी होतील. आजार मुळापासून जाणार नाही, गोळी बंद केली की तो पुन्हा डोकं वर काढेल, हेही त्यांनी लपवलं नाही. सुरुवातीला मळमळेल, डोकं दुखेल. आणि एक धोका क्वचित होणारा पण मोठा: पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होऊ शकते, ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं.

मग त्यांनी प्रश्न विचारले. सिगारेट? नाही. ब्लडप्रेशर? नाही. डोळ्यांपुढे चमकून डोकं दुखतं? नाही. "घरात कोणाला पायात किंवा छातीत रक्ताची गाठ झाली होती?"

मी आईकडे बघितलं. आईनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "नाही हो. आमच्यात कुणाला नाही."

बाईंनी आधी पाळी आणायला पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. ती आली की दुसऱ्या दिवसापासून मुख्य पाकीट सुरू करायचं. येताना रिक्षात आई ते पाकीट उलटसुलट करून बघत होती. चौलच्या जवळ आल्यावर म्हणाली, "पाकिटावर काय लिहिलंय ते पाहिलंस? उद्या स्थळ आलं आणि कुणी विचारलं तर?"

"सांगेन की गणित शिकवते आणि गोळी घेते."

"चेष्टा नको करू गो."

"आई, काकू दरवर्षी देते ती काय खडीसाखर असते? तीपण संप्रेरकंच असतात. तिकडे चिठ्ठी लागत नाही, लाज लागत नाही. इथं डॉक्टरनं तपासून दिली तर तुला स्थळ आठवलं."

आई बाहेर बघायला लागली. मला वाटलं, मी वाद जिंकले. मला वाद जिंकायला आवडतं, खोटं कशाला बोलू. घरी येऊन मी चार दिवस स्वतःशीच तागडी धरून बसले. एका बाजूला ती अंधारी, ते अस्तर, ती हनुवटी. दुसऱ्या बाजूला क्वचित होणारी गाठ. मी सिगारेट ओढत नव्हते, प्रेशर ठीक होतं, घरात कुणाला काही नव्हतं. तागडी सरळ एका बाजूला झुकत होती. घ्यायची, असं मी ठरवलं.

एकच तयारी बाकी होती. काही झालंच तर घरातल्या कुणाला तरी लक्षणं माहीत हवीत, असं बाई म्हणाल्या होत्या. म्हणून पाळी आली त्या दिवशी सकाळी मी आईसमोर बसले. ती विळीवर नारळ खवत होती. वर्गात सांगते तसंच मी तिला सांगितलं: "नीट ऐक. माझ्या एका पायाची पोटरी सुजली, ताठली, दुखायला लागली, हाताला गरम लागली, तर पाय मुरगळला असेल म्हणून तेल चोळत बसायचं नाही. तसंच उचलून दवाखान्यात न्यायचं. दम लागला तरी."

खवण्याचा आवाज थांबला.

"एकाच पायाची?" आईनं विचारलं.

"हो. एकाच."

तिनं हातातली नारळाची कवड खाली ठेवली आणि लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं. आईचा डावा पाय उजव्यापेक्षा जाड आहे, हे मी जन्मापासून बघत आलेय. घोट्याजवळ कातडी काळपट, चकाकणारी. संध्याकाळी तो पाय ती पाटावर ठेवून बसते. कुणाची उंची कमी असते, कुणाचे कान मोठे असतात, तसा आईचा पाय. मी कधी विचारलंच नव्हतं, कारण तो नेहमीच तसा होता.

"हा असाच झाला होता," आई म्हणाली. "ताठला होता, गरम होता. तू तेव्हा दुपट्यात होतीस."

मग तिनं सांगितलं. त्या वर्षी पहिल्यांदाच गौरीची पूजा तिच्याकडे आली होती. पाळी नेमकी त्याच दिवसांत येणार होती. कुणी तरी गोळ्या आणून दिल्या, त्या तिनं गणपतीच्या आधीपासून घेतल्या आणि अनंत चतुर्दशी होईपर्यंत घेत राहिली, म्हणजे मधे काही घोळ नको. खडे आणले, पूजा केली, नैवेद्य केला. आमच्याकडे खड्यांच्या गौरी असतात. तळ्याकाठचे खडे वेचून बाईनं मुक्यानं, मागे न बघता घरी आणायचे, तीच गौर. विसर्जनानंतर चार दिवसांनी आईचा पाय सुजला. बाबांनी अलिबागला नेलं. डॉक्टर जे बोलायचं ते बाबांशी बोलले, आणि बाबांनी तिला सांगितलं, शीर धरलीय. "पाय दुखतोय आणि सुया पोटात देतायत, मला काही कळेना," आई म्हणाली. "पण मला ठाऊक होतं कशानं झालं ते."

"कशानं?"

"मी तिला फसवलं ना. अडचण येणारी बाई, गोळी खाऊन सोवळी झाले आणि तिच्यापुढे उभी राहिले. तिनं पाय धरला."

मला राग आला. तिचा नव्हे, कुणाचा ते सांगता येत नाही, पण कानाच्या पाळ्या गरम झाल्या. "आणि डॉक्टरनं विचारलं तेव्हा तू नाही म्हणालीस?"

"त्यांनी आजाराचं विचारलं," आई म्हणाली. "हा आजार थोडाच होता. हा कोप होता."

मी मुख्य पाकीट उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी आईला घेऊन पुन्हा अलिबाग गाठलं.

बाईंनी माझ्याकडे नंतर बघितलं, आधी आईला टेबलावर झोपवलं. दोन्ही पोटऱ्या टेपनं मोजल्या, काळपट कातडीवर बोट दाबून बघितलं, आणि पायाच्या शिरांची सोनोग्राफी करून आणायला सांगितली. रिपोर्ट बघून म्हणाल्या, "जुनी गाठ होऊन गेलीय. शिरेच्या झडपा खराब झाल्यात, म्हणून सूज राहते." मग मला म्हणाल्या, "बरं झालं आलात. आईला अशी गाठ झालेली असताना मी तुम्हाला ती गोळी देणार नाही."

आईनं तेव्हा गणपतीत घेतलेल्या गोळ्यांनीच गाठ झाली का, असं मी विचारलं. छातीठोक सांगता येणार नाही, त्या म्हणाल्या. बाळंतपणाला फार दिवस झाले नव्हते, त्यानंही धोका वाढतो, आणि त्यात इतके दिवस ती गोळी. दोन्ही मिळून झालं असेल. माझ्यासाठी दुसरा रस्ता होता: ठरावीक महिन्यांनी काही दिवस नुसत्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या घेऊन अस्तर उतरवायचं. त्यांचेही सगळे प्रकार सारखे नसतात, आईनं घेतलेला नको, हा चालेल, असं त्यांनी समजावलं. रक्त गोठण्याची एक तपासणीही लिहून दिली. "पण यानं केस आणि फोड जाणार नाहीत," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, हनुवटीचं मी बघून घेईन, दोरा आहे आणि पार्लरवाली आहे.

आम्ही उठलो. आई दारापर्यंत गेली आणि वळली.

"म्हणजे हे गौरीनं नाही केलं?"

बाई हसतील अशी मला भीती वाटली. त्या हसल्या नाहीत. "नाही हो," म्हणाल्या. "तुमच्याच रक्तानं केलं. देवीचा काही संबंध नाही."

परत येताना आई रिक्षात रडली. मोठ्यानं नाही, पदर तोंडाशी धरून. रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं तर मी त्याला डोळ्यांनीच दटावलं. "त्या वर्षापासून मी खडे आणले नाहीत," आई म्हणाली. "सगळ्यांना वाटायचं, पाय दुखतो म्हणून. मला तिला तोंड दाखवायची लाज वाटायची." मी तिचा हात धरून ठेवला. मलाही बोलता येईना, आणि माझ्या बाबतीत ही गोष्ट नोंद घेण्याजोगी आहे.

माझ्या नव्या गोळ्यांची घडी बसली. रक्ताच्या तपासणीत काही निघालं नाही. गोळ्या संपल्या की चार-सहा दिवसांत पाळी येते, शहाण्यासारखी येते आणि शहाण्यासारखी जाते. यंदा ती नेमकी गौरी येतात त्या दिवशी पडत होती. आठवडाभर इकडेतिकडे केलं तर चालेल, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. मी आईला विचारलं. आई म्हणाली, "शाळेच्या परीक्षेसाठी हलव, प्रवासासाठी हलव. तिच्यासाठी नको. तिला काही अडत नाही."

काकू आली ती पर्स घेऊनच. चहाबरोबर पाकीट पुढे आलं. आईनं ते उचललं आणि काकूच्याच पर्समध्ये परत घातलं. "वहिनी, यापुढे या घरात डॉक्टरला विचारल्याशिवाय कुणाला देऊ नका," म्हणाली, आणि मोदकाच्या पिठाची परात बाजूला सारून सगळ्या बायकांसमोर लुगडं वर घेतलं. पाय दाखवला. काय झालं होतं ते पहिल्यापासून सांगितलं. काकूनं एकदाही मधे तोंड घातलं नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "मला वाटलं होतं, मुरगळलाय."

"मलाही काही तरी वेगळंच वाटलं होतं," आई म्हणाली.

गौरीच्या दिवशी खडे आणायला आई स्वतः गेली. मी मागच्या पडवीत होते. नियमाप्रमाणे माझी जागा तिथंच होती, आणि खरं सांगते, कंबर दुखत होती म्हणून मलाही भांडायचा उत्साह नव्हता. वाडीतून घंटेचा आवाज जवळ आला तशी मी पुढच्या दारी येऊन उभी राहिले. गौर आणणारीच्या पायावर उंबऱ्यात दूध-पाणी घालतात. काकू तांब्या घेऊन तयार होती.

आई आली. हातात तांब्याच्या ताम्हनात खडे, डोक्यावर पदर, ओठ घट्ट मिटलेले. उंबऱ्यापाशी थांबली, पण पाय पुढे करेना. काकू तांब्या कलता करून वाट बघत होती. आई माझ्याकडे बघत होती.

"अगं, तिला अडचण आहे," काकू हळूच म्हणाली.

आईला बोलायचं नव्हतं, आणि ती बोलली नाही. तिनं लुगडं जरासं उचललं आणि डावा पाय माझ्यासमोर पुढे केला. काकूनं एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि तांब्या माझ्या हातात दिला.

मी खाली बसले आणि आईचा पाय धुतला.