सात फॉरवर्ड अन् रिकामी डावी बाजू

आज सकाळी शेअर ऑटोत बाजूले एक काका येऊन बसले अन् त्यांच्या गुडघ्याले चोळलेल्या मलमाचा वास आला. तोच, नाकात झोंबणारा, कापूर अन् निलगिरी एकत्र कुटल्यासारखा. ऑटो जरीपटक्याच्या मार्केटात अडकून पडला होता, चारही बाजूंनी हॉर्न वाजून राहिले होते, अन् मी मात्र सरळ आमच्या मैदानावर जाऊन पोहोचलो. कडुनिंबाखाली अंथरलेली ताडपत्री, तिच्यावर उलटेपालटे पडलेले बूट, अन् कोपऱ्यात पाय लांब करून मांडीले मलम चोळत बसलेला आमचा दादा. दादा म्हणजे सख्खा भाऊ नाही, साऱ्या मोहल्ल्याचाच दादा. आमच्या फुटबॉल क्लबचा लेफ्ट बॅक, मागं राहून डावी बाजू सांभाळणारा. मले वाटलं होतं रविवारपासून तीन दिवस झाले, राग थोडा उतरला असंल. कायचा उतरते! वास आला अन् पुन्हा डोक्यात गेला. म्हणून लिहून राहिलो, भराभर लिहून राहिलो. तुम्ही बी कोण्या ना कोण्या लहानशा टीमसाठी घसा कोरडा करत असाल तर तुम्हाले जास्त समजवायची गरज नाही.

आमचा क्लब काही टीव्हीवरचा नाही. जिल्ह्याच्या लीगमधली सगळ्यात खालची डिव्हिजन आमची. हिच्याखाली काहीच नाही. इथून घसरलं की लीगच्याच बाहेर, मग बसा गणपतीच्या मंडळासंग एक दिवसाची टूर्नामेंट खेळत. अन् यंदा सीझनचे पहिले तीन सामने झाले नाही तर तिन्ही हरलो. एक गोल मारला नाही. खाल्ले ते सारेच्या सारे डाव्या बाजूनं खाल्ले. समोरच्या टीमचे पोट्टे त्या बाजूनं असे जात होते जसं कोणाच्या घरचं फाटक सताड उघडं आहे अन् अंगणात कुत्राबी नाही. ऑक्टोबरचं ऊन पाठीवर, जीभ टाळूले चिकटलेली, अन् आम्ही तीस-चाळीस जण लाइनीवर उभे राहून एकच ओरडून राहिलो होतो, "अबे लेफ्टले पाहा, लेफ्टले!" पण लेफ्टले होतं कोण?

आता ऐका हे झालं कसं. यंदा कमिटी नवी आली. तिनं ठरवलं, आता मॉडर्न व्हायचं. आमच्याकडे जुनी पद्धत होती ट्रायलची. सर म्हणजे आमचे पहिले कोच, ते भर उन्हात दोन तास पोट्ट्यांले खेळवायचे अन् बॉलकडे पाहायचेच नाही. ज्याच्या पायातून बॉल गेला त्याच्याकडे पाहायचे. गेल्यावर तो कमरेवर हात ठेवून उभा राहते, का शिव्या देते, का मागं धावते. जो धावला त्याचं नाव वहीत. बस, एवढीच ट्रायल. नव्या कमिटीनं ती बंद केली. म्हणे, आपापल्या खेळाची क्लिप ग्रुपवर टाका, आम्ही पाहून निवडतो. आता तुम्हीच सांगा, क्लिपमध्ये माणूस काय टाकते? गोल टाकते! चाळीस मीटर मागं धावत येऊन दुसऱ्याचा पास अडवला, याचा व्हिडिओ कोणी काढते काय? त्याले कोणी म्यूझिक लावते काय? आल्या त्या साऱ्या क्लिपा गोलच्या, अन् या विद्वानांनी एकाहून एक भारी क्लिप निवडून टीममध्ये सात फॉरवर्ड भरले. सात! लेफ्ट बॅक एक बी नाही. अन् जो होता, अकरा वर्षं होता, त्याले ग्रुपवर दोन ओळींचा मेसेज: दादा, क्लब तुमचा आभारी आहे, आता आराम करा.

दादा सावनेरकडं कोळशाच्या खाणीत कामाले आहे. पहिली शिफ्ट करून, बस पकडून तो मैदानावर यायचा, तेव्हा त्याच्या नखांत काळी रेघ असायची. आमच्या क्लबचे इतके फोटो आहेत, एकाबी फोटोत तो धड दिसत नाही. कुठं नुसती पाठ, कुठं अर्धा खांदा, कारण फोटो काढणारा नेहमी गोलकडं तोंड करून उभा अन् दादा गोलच्या उलट दिशेनं धावून राहिलेला. मी अकरावीत होतो तेव्हाचा एक सीझन मले लख्ख आठवते. शेवटचा सामना होता, कामठीच्या टीमसंग, बरोबरी झाली तरच आम्ही लीगमध्ये राहणार होतो. त्यांचा कडेनं पळणारा एक विंगर होता, नुसता वारा. दादानं त्याले एकदाबी पाडलं नाही, धक्का नाही दिला. फक्त दोन पावलं अंतर ठेवून त्याच्या बाजूनं चालत राहिला, अन् प्रत्येक वेळी त्याले कोपऱ्यातल्या झेंड्यापर्यंत असा सोडून आला जसं आपण पाहुण्याले चौकापर्यंत सोडून येतो. शेवटी तो विंगरच वैतागला. सामना शून्य-शून्य सुटला. त्या शून्यावर आम्ही रात्रभर ढोल वाजवला असता, पण दादाले सकाळची शिफ्ट होती.

तिसरा सामना हरल्यावर मी टपरीवर कमिटीतल्या एका काकाले गाठलंच.

"काका, लेफ्ट बॅक काहून नाही घेतला?"

"अबे गोल मारले तर जिंकू न आपण?"

"मारला काय एक तरी?"

"सेट व्हाले टाइम लागते गा."

"अन् तोवर आपण लीगच्या बाहेर झालो तं?"

"तू भल्लाच जास्त बोलते बे. त्या नऊ नंबरची क्लिप पाहिली काय? हवेत उलटा होऊन काय गोल मारला पोट्ट्यानं!"

"काका, त्या क्लिपमध्ये समोर गोलकीपरच नव्हता."

काकानं चहा तसाच ठेवला अन् गाडीले किक मारली.

मी तिथून सरळ दादाच्या घरी गेलो. लीगमध्ये आणखी खेळाडूंची नावं टाकायची मुदत अजून दोन दिवस होती. त्याले म्हटलं, तू ये, आम्ही साऱ्या मोहल्ल्याच्या सह्या घेतो, कमिटी कशी नाही म्हणते पाहतो. मले वाटलं तो उसळंल. तो वरच्या खोलीतून खाली आला, कठड्याले धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, आडव्या अंगानं. खाली आल्यावर हसला.

"पाहिलं? असं उतरतो मी आता. विंगरच्या मागं काय धावन?"

"मग तुले रागच नाही आला?"

"मले काढलं त्याचा नाही गा. मी सोताच थांबनार होतो. पन एक सीझन कोनाले तरी बाजूले घेऊन शिकवलं असतं. कुठं उभं राहाचं, कवा नाही धावाचं. ते काय क्लिपमंदी येते?"

"मग सांगितलं काहून नाही?"

"कोनं विचारलं?"

मी बी नव्हतं विचारलं. त्या दोन ओळींच्या मेसेजखाली सगळ्यात पहिले लाल दिल मीच टाकलं होतं, अन् वर 'लिजेंड' लिहिलं होतं. कमिटीवरचा राग तसाच आहे, पण त्यातला एक वाटा तेव्हापासून माझ्या नावावर आहे, अन् तोच जास्त जळते.

रविवारी चौथा सामना. दादा आला. कमिटीले काही विचारलं नाही, नऊ नंबरले बोलावलं, लेफ्टले उभं केलं, अन् सोता लाइनीवर थांबला. पूर्ण हाफभर त्याचा आवाज. "आत ये! आता मागं! बॉल गेला तं रडून नको राहू, मागं ये बे!" पोट्टा तोंड वाकडं करून येत होता. सामना आम्ही हरलोच, एक-शून्य, अन् तो गोल उजव्या बाजूनं खाल्ला. म्हणजे चार सामने, चार हार. ओरडून ओरडून माझा घसा बसला, अन् डोकं अजूनही ठिकाणावर नाही.

पण एक गोष्ट राहून राहून डोळ्यांसमोर येते. हाफ टाइमले बाजू बदलतात, म्हणजे आमची डावी बाजू मैदानाच्या पल्याड गेली. दादा तिकडं जायले निघाला, गोलच्या मागून, त्या गुडघ्यानं, हळूहळू. रेफ्री काही त्याच्यासाठी थांबणार नव्हता. शिटी वाजली तेव्हा दादा जाळीच्या मागंच होता. समोरच्यांनी तिकडूनच बॉल काढला. नऊ नंबरनं सवयीनं लाइनीकडं पाहिलं, तिथं कोणीच नव्हतं. एका माणसाच्या पायात अकरा वर्षांत जे साचते त्यातलं दुसऱ्याच्या पायात किती उतरते, मले माहीत नाही. थोडंच उतरत असंल, अन् तेही उशिरा. पण कोणी हाक मारली नव्हती, अन् पोट्टा वळला अन् मागं धावला.