ज्वालामुखीवरचं भरीत

मोहाडीतल्या आमच्या शेजारच्या काकू कोणतंही गाव तिथल्या वांग्यावरून जोखतात. त्यांची लेक ग्वाटेमालात, अँटिग्वा नावाच्या जुन्या स्पॅनिश शहरात नोकरीला आहे. भूकंपांनी पाडलेली चर्चं आणि उशाशी ज्वालामुखी, एवढं ऐकूनच काकू निघाल्या. "पोरीले घेऊनच येतो!"

मग लेकीचा व्हिडिओ आला. ज्वालामुखीवर सगळे फोटो काढताहेत आणि काकू तापलेल्या दगडांत वांगी भाजताहेत. गोरे पाहुणे बोटं चाटत भरीत खात होते.

परवा काकू एकट्याच परतल्या. फुंकणी घेऊन धुरात बसल्या होत्या.

"काकू, ताईले काहून नाही आणलं?"

"कायले आणू? भूकंपानं इतक्यांदा पडलं, तरी लोकायनं गाव नाही सोडलं. अन् चूल अशी भेटली पोरीले, फुकावंच लागत नाही!"